कौसल्याबाईंची न हरवलेली कालवड

आमच्या खामखेडीत बाईमाणूस मोकळ्या हातानं धरणाकडं निघालं की मागून दोघं-तिघं पळत जातात. डोक्यावर भारा असावा, कमरेवर घागर असावी, हातात विळा असावा. काहीच नसलं तर कडेवर कुणाचं तरी लेकरू असावं. तसं असलं की बाई कामाला निघाली. नसलं की घरात काहीतरी झालं. धरणाचं पाणी येऊन तीस वर्षं झाली, तेव्हापासून गाव हा नियम जिवाला घाबरून पाळतं.

कौसल्याबाईंना हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्या स्वतः दोनदा दुसऱ्या बायांच्या मागं पळालेल्या होत्या. पण डॉक्टरनं सांगितलं आणि त्या फसल्या.

झालं असं, दिवाळीनंतर त्यांच्या पायाला मुंग्या यायला लागल्या म्हणून त्यांना भोकरदनला दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं तर साखर निघाली. डॉक्टर म्हणाला, "मावशी, रोज पाऊण तास चालायचं."

"दादा, जन्मभर चालतच आले की. पाणी, जळण, गवत, शेतातली भाकर..."

"तसं नाही. मोकळं चालायचं. डोक्यावर काही नको, हातात काही नको. आणि कुठं पोचायचं पण नाही."

गोळ्या कशा घ्यायच्या ते कौसल्याबाईंना एका झटक्यात समजलं. हे शेवटचं मात्र एसटीत बसून भोकरदन ते खामखेडी विचार केला तरी समजलं नाही. चालायचं अन् कुठं पोचायचं न्हाई, म्हंजे काय?

आधी त्यांनी स्लॅबवर फेऱ्या मारून बघितल्या. खाली रामराव जेवायला बसले होते. रामराव म्हणजे त्यांचे मालक. गावातलं जुनं, शब्दाला किंमत असलेलं माणूस. स्वतः चालण्याच्या बाबतीत एकदम काटकसरी. शेत घरापासून दोनशे पावलांवर, पण जाणार मोटारसायकलवर. ते खालून ओरडले, "अगं, भाकरीत माती पडून राह्यली! काय रेडा सोडला का वर?"

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी कौसल्याबाई घराबाहेर पडल्या आणि जिभेकडं निघाल्या.

जीभ म्हणजे गावाच्या पाठीमागून धरणाच्या पाण्यात घुसलेला जमिनीचा लांबट तुकडा. तिन्ही अंगांनी पाणी, चौथ्या अंगाला गाव. मधोमध वनखात्याचं रान: धावडा, पळस, सीताफळीची झुडपं, थोडी घाणेरी. काठाकाठानं जनावरांच्या पायांनी पडलेली वाट. एका काठानं टोकापर्यंत जायचं आणि दुसऱ्या काठानं परत यायचं म्हटलं तर सहा-सात किलोमीटर सहज होतात. तिकडं शेळ्या अन् रोही, म्हणजे नीलगाई, सोडून कुणाचं काही काम नसतं.

कौसल्याबाई वनखात्याच्या पाटीपर्यंत पोचल्या असतील-नसतील, तोच मागून तीन बाया आणि एक मोटारसायकल आली. सगळ्यात पुढं शेजारच्या पुष्पाबाई. त्यांनी येऊन दंडच धरला.

"पुष्पाबाई, काही न्हाई झालं. मी फिरायला जाऊन राह्यले."

"सगळ्या असंच म्हणतात," पुष्पाबाई धापा टाकत म्हणाल्या आणि दंड सोडला नाही.

दिवसभर घरात बायांची ये-जा चालू होती. कुणी चहा करून दिला, कुणी पाठीवरून हात फिरवला, कुणी हळूच विचारलं, "काय म्हणाले रामराव?" रामराव ओट्यावर पेपर वाचत बसलेले. येणारी-जाणारी प्रत्येक बाई त्यांच्याकडं असं बघून जायची की शेवटी ते पेपर टाकून आत आले.

"म्या काय केलं?"

"तुम्ही काही न्हाई केलं."

"मंग हे बाहेर जाऊन सांग की!"

कौसल्याबाईंनी रात्रभर विचार केला आणि सकाळी खुंटीवरचं दावं काढलं. उंबऱ्यातच त्यांच्या ध्यानात आलं की नुसतं दावं घेऊन रानात निघालेली बाई गावाला मोकळ्या हातापेक्षा जड जाईल. मग त्यांनी दुसऱ्या हातात सरकीच्या पेंडीचा तुकडा घेतला. हातात पेंड असली की माणसाचा जगायचा इरादा पक्का दिसतो.

पाटीपाशी पुंजाराम शेळ्या घेऊन उभा होता. त्यानं आधी दावं बघितलं, मग पेंड बघितली.

"वहिनी, कुठी निघाल्या?"

दावं, पेंड आणि रान यांची बेरीज करून जे उत्तर येतं तेच तोंडातून निघालं. "कालवड सुटली, भाऊ."

"तुमच्याकडं कुठंय कालवड?"

आमच्या गावात कुणाच्या घरात माणसं किती हे एखाद्याला सांगता येणार नाही. गोठ्यात जनावरं किती हे सगळ्यांना पाठ असतं. कौसल्याबाईंना हे माहीत होतं. पण एकदा पाय घातलाच होता.

"माहेराहून आणली. जाफराबादहून. भावानं देली. टेम्पोतून उतरवता-उतरवता हिसका मारला अन् इकडं पळाली. कोणी पाह्यलीच न्हाई."

"कव्हा?"

"काल पहाटं."

"काल पहाटं तं मी इथंच होतो."

"मंग तुम्ही काऊन न्हाई धरली, भाऊ?"

पुंजारामनं मान खाली घातली. पुढं तीन महिने तो स्वतःला त्या कालवडीचा गुन्हेगार समजत होता आणि रानात तिला हुडकत होता.

अशा रीतीनं कौसल्याबाईंचं फिरणं सुरू झालं. पहिल्या आठवड्यात पाऊण तास. दुसऱ्या आठवड्यात टोकापर्यंत. मग अख्खा फेरा, अडीच तास. धावड्याची झाडं मागं पडली आणि गाव दिसेनासं झालं की त्या दावं खांद्यावर टाकायच्या, पेंड कमरेला खोचायच्या आणि हात हलवत चालायच्या. एकोणसाठाव्या वर्षी त्यांना पहिल्यांदा कळलं की चालताना हात आपले आपण पुढं-मागं होतात. त्यांना शिकवावं लागत नाही. लग्न झाल्यापासून ते हात भाऱ्याला, नाही तर पदराला, नाही तर लेकराला धरलेले. आता दोन्ही हात असे हलायचे की पहिल्या दिवशी कौसल्याबाईंना स्वतःच्याच हातांची लाज वाटली. आठ दिवसांत लाज गेली. पायाच्या मुंग्या पण कधी गेल्या ते कळलं नाही. डॉक्टरनं सांगितलेलं शेवटचं वाक्यही समजल्यासारखं वाटू लागलं, फक्त ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

खरी अडचण पाण्याकडून आली. मच्छिंद्र नावाचा मासेमार रोज थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळी काढायला यायचा. महिनाभर तो कौसल्याबाईंना काठानं जाताना बघत होता. एक दिवस तराफा काठाला लावून म्हणाला, "काकू, एक विचारू का? राग न्हाई ना येणार?"

"विचार."

"तुम्ही कालवडीला हाक काऊन न्हाई मारत?"

कौसल्याबाईंनी दावं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

"माहा बाप म्हैस हुडकायला लागला तं पलीकडच्या काठावरचं गाव जागं व्हायचं. अन् तुम्ही अशा चोरपावलांनी हुडकून राह्यल्या, तिला काय कळणार कोणी हुडकून राह्यलं म्हणून? नाव तरी ठेवलं का तिचं?"

"हाव. चांदी."

"मंग मारा की हाक! घ्या, मी बी मारतो." आणि त्यानं तोंडापुढं हात धरून अशी आरोळी ठोकली की काठावरचे बगळे उठले.

तेव्हापासून तराफा दिसला की कौसल्याबाईंना हाक मारावी लागायची. "चांदेऽऽ! ये गं माय, ये ये ये!" सुरुवातीला त्यांचा आवाज चोरटा निघायचा. मग मोकळा निघायला लागला. घरात त्यांनी इतक्या मोठ्यानं कुणाला कधी हाक मारलेली नव्हती. मच्छिंद्र लांबून हात हलवायचा: असं बराबर हाय.

इकडं फाट्यावरच्या हॉटेलात रामराव चहा पीत बसले होते. कुणीतरी विचारलं, "नाना, कालवड सापडली का हो?"

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, कोणती कालवड? पण आपल्या गोठ्यातलं जनावर आपल्याला माहीत नाही हे चार माणसांत कबूल करणं रामरावांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी बशीतला चहा शांतपणे संपवला आणि म्हणाले, "न्हाई ना अजून."

"कशी हाय दिसाया?"

"लाल कंधारी. कपाळावर चांद. चौदा महिन्यांची." जरा थांबून त्यांनी भर घातली, "चालीला अशी, जसं काय पाण्यावरून चालून राह्यली."

घरी आले ते तणतणतच आले. "तुह्या भावानं कालवड देली अन् मला पत्ता न्हाई? मी या घरात कोण हाये?"

"कोण्या भावानं? कसली कालवड?"

"तीच, लाल कंधारी! मी आत्ता लोकायला सांगून आलो!"

मग कौसल्याबाईंनी मालकाला खाली बसवलं आणि खरं ते सांगितलं.

"म्हंजे कालवड न्हाईच?"

"न्हाई."

"बिलकुल न्हाई?"

"बिलकुल न्हाई."

"मंग मी तिचा चांद सांगून आलो, त्याचं काय?" त्यांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, टोपी परत घातली. "पर चांगली होती गं."

आता मागं फिरणं शक्य नव्हतं. रामरावांचा शब्द फाट्यावर पडलेला होता. नवरा-बायकोनं ठरवलं, गप राहायचं. महिन्या-दोन महिन्यांत लोक विसरतील. पण लोकांना विसरायला रामरावांनी जागाच ठेवली नाही. दर दोन दिवसांनी ते कालवडीत नवीन काहीतरी घालायचे. तिच्या शेपटीचा गोंडा पांढरा झाला. तिची आई आठ लिटर देणारी निघाली. एका रविवारी पंचवीस माणसं जिभेवर कालवड हुडकायला गेली आणि कौसल्याबाईंना सगळ्यांच्या पुढं राहून वाट दाखवावी लागली. परत येताना सगळ्यांना चहाही पाजावा लागला. त्या रविवारी टोकावर इतका कालवा झाला की रोही दोन दिवस दिसले नाहीत.

पळसाला फुलं आली तेव्हाची गोष्ट. दुपारी पुंजाराम अंगणात येऊन उभा राहिला. कपडे फाटलेले, पायाला बोराटीचे ओरखडे, आणि हातात दोरी. दोरीच्या दुसऱ्या टोकाला लाल कालवड. कपाळावर पांढरा चांद.

"नाना, घ्या तुमची लक्ष्मी! पाण्याच्या शेपटाकडं, धरणाचं पाणी संपतं तिथं सापडली. आता माह्या डोक्यावरचं ओझं उतरलं."

लाल रंग आणि कपाळावर चांद म्हटलं तर निम्म्या तालुक्यातल्या कालवडी त्यात बसतात. पण रामरावांना तो विचार शिवला नाही. आपल्या तोंडून निघालेला शब्द चार पायांवर उभा राहून आपल्याच अंगणात शेण टाकतोय, हे बघून त्यांना भरून आलं. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "चांदे," ते म्हणाले. कालवडीनं कान हलवला. झालं, पटली ओळख.

कौसल्याबाई दारातच उभ्या. "ही आपली न्हाई."

"वहिनी, नीट बघा."

"आपली... जरा बुटकी होती."

"तीन महिने फुकटचं रान चरली, वाढणार न्हाई का?" पुंजाराम म्हणाला, आणि जमलेल्या सगळ्यांना ते पटलं.

पुष्पाबाईंनी कालवडीला हळदकुंकू लावलं. रामरावांनी पुंजारामचा टॉवेल, टोपी आणि नारळ देऊन सत्कार केला. टाळ्या वाजल्या. सगळ्या गावात एकच माणूस दुःखी होतं, आणि ते आत चुलीपाशी बसलं होतं.

"तोंड काऊन पाडून बसली?" रामराव आत येऊन म्हणाले. "इज्जत राह्यली न्हाई का आपली?"

"उद्या मी काय म्हणून जाऊ?"

रामरावांना एकदम कळलं नाही.

"कालवड सापडली. आता मी जिभेवर काय म्हणून जाऊ? ते तरी सांगा."

रामरावांनी डोकं खाजवलं. कालवड हरवण्यात बायकोचं काही होतं आणि सापडण्यात काही गेलं, हा विचार त्यांच्या डोक्याला पहिल्यांदाच लागत होता. "कालवड चारायला म्हणून जाय," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्या कालवड घेऊन गेल्या, पण मनात चारायचं नव्हतं. टोकापर्यंत न्यायची, सोडून द्यायची आणि पुन्हा हुडकायला सुरुवात करायची, असा त्यांचा बेत. पण पेंडीच्या वासानं कालवड जी मागं लागली ती लागलीच. त्या थांबल्या की थांबायची, चालल्या की चालायची, झाडामागं लपल्या तर झाडामागं येऊन कमरेला नाक लावायची. शेवटी पेंड तिच्या पुढ्यात टाकून कौसल्याबाई एकोणसाठाव्या वर्षी पळाल्या. दोन मिनिटांत पेंड खाऊन कालवड त्यांच्या पुढं.

मग खरंच चारायला लागल्या. पण जनावर चरायला निघालं की ते चालत नाही. दहा पावलं, एक झुडूप. दहा पावलं, दुसरं झुडूप. अडीच तासांत धावड्याच्या झाडांपर्यंतसुद्धा पोचणं झालं नाही. तीन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी पायाला परत मुंग्या आल्या. खऱ्या का मनाच्या, कुणास ठाऊक.

चौथ्या दिवशी सकाळी एक उंच, काटकुळी बाई रामरावांच्या अंगणात शिरली. कुणाला काही न विचारता खुंट्याची दोरी सोडायला लागली.

"ओ बाई! कोण तुम्ही?" रामराव ओरडले.

"मी पलीकडच्या काठावरची, हिवरखेडीची तुळजाबाई. अन् ही माही कालवड. चोरायच्या आधी निदान माणूस तरी बघायचा, कोणाची चोरून राह्यलो!"

अर्ध्या तासात अख्खं गाव पारावर. मधे कालवड, एका बाजूला तुळजाबाई, दुसऱ्या बाजूला रामराव-कौसल्याबाई, आणि कट्ट्यावर पोलीस पाटील धर्मराज. तुळजाबाईंनी कमरेच्या पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. कालवडीच्या कानात पिवळा बिल्ला होता. एवढे दिवस त्याच्याकडं कुणी बघितलं नव्हतं, कारण सगळे तिचं कपाळ बघत होते. धर्मराजांनी कानातला नंबर वाचला, कागदावरचा वाचला. एकेक आकडा जुळत गेला तसा पुंजाराम टोपी काढून हातात घेऊन बसला.

"कालवड तुळजाबाईची," धर्मराज म्हणाले. "मंग रामनाना, तुमची कुठंय?"

"ह्याइची नव्हतीच कव्हा!" तुळजाबाई कडाडल्या. "तीन महिने हुडकायचं नाटक केलं, गावाला साक्षीला धरलं, अन् माही आली की बांधून घेतली. पाच दिवस हिंडून राह्यले मी, पाच दिवस! आख्खं पाणी पायाखाली घातलं, तुमची ही जीभ बी. पाटील, तुम्ही ठाण्यात कळवता का मी जाऊ?"

गावाच्या माना हलल्या, कारण ऐकायला ते बराबर वाटत होतं. रामराव खाकरून उठले. त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की आता आणखी एक कालवड जन्माला येणार.

"बसा खाली," कौसल्याबाई म्हणाल्या.

रामराव बसले.

"पाटील, ह्या बाईचं निम्मं खरं हाय. आमची कालवड नव्हती. भावानं देली न्हाई, टेम्पो आला न्हाई. पर मी चोरी न्हाई केली. मी फिरत होते."

"काय हुडकत?"

"काहीच न्हाई."

"मंग फिरत काऊन होत्या?"

"बरं वाटतं म्हणून."

पारावर अशी शांतता पसरली की कालवडीचं रवंथ ऐकू यायला लागलं. चोरी गावाला समजते. खोटं बोलणं समजतं, रागानं घर सोडणं समजतं. पण एका शहाण्या, नातवंडं असलेल्या बाईनं तीन महिने रोज अडीच तास काहीही न हुडकता रानात चालावं, हे ऐकून लोक एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. पुष्पाबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

"खोटं!" तुळजाबाई म्हणाल्या. "कोणती बाई बिनकामाचं येवढं चालल? सांग बरं, खरंच गेल्ती तं सांग, त्या वाटंवर काय काय हाय?"

"विचारा."

"मीच विचारून राह्यले. बोल."

कौसल्याबाईंनी पदर खोचला आणि हातानं हवेत वाट काढायला सुरुवात केली. "पाटीपासून डाव्या अंगानं निघायचं. आधी मोटारी लागतात, सात काळे पाइप पाण्यात गेलेले. पाचव्याला गळती हाय, तिथं हरणखुरीसारखी एक हिरवी वेल आली. पुढं जुन्या विहिरीचा कठडा पाण्यातून वर आलेला. त्याच्यावर पाणकावळा बसतो."

"कोणीकडं तोंड करून?"

"सकाळी उगवतीला. पंख पसरून, वल्ले कपडे वाळू घातल्यावाणी."

तुळजाबाईंनी मान हलवली, पण चेहरा ढिला सोडला नाही. "पुढं?"

"पुढं धावड्याची झाडं. तिथं वाट वर चढती. वर रोह्यांची जागा हाय, रोज त्याच एका ठिकाणी लेंड्या टाकतात, इतला ढीग. त्याला वळसा घालून खाली उतरलं की वारं लागतं, दोन्ही काठांचं एका टायमाला. तिथं टोक. काळा सपाट खडक, अन् एक बोर."

"आंबट बोर."

"आंबट खालच्या फांदीची. वरच्या फांदीची गोड हायेत."

तुळजाबाई थांबल्या. "वरची मी न्हाई खाल्ली," त्या जरा खालच्या आवाजात म्हणाल्या. मग गावाच्या बाजूला वळल्या आणि आवाज पुन्हा चढवला. "सोडा हिला, पाटील. ही चोर न्हाई. चोराला विहिरीवरच्या पाखराचं तोंड दिसत न्हाई. ही खरंच चालती."

"कशासाठी पर?" कुणीतरी मागून विचारलं.

"ते मला काय माहीत? माही कालवड सुटली होती म्हणून मी गेल्ते." एवढं बोलून त्यांनी दोरी हाताला गुंडाळली. पण निघताना दोन पावलं मागं आल्या आणि कौसल्याबाईंना म्हणाल्या, "मला तं दोन दिसातच कळलं होतं, ही तिकडं पाण्याच्या शेपटाकडं गेली असंल. पुढचे तीन दिस मी उगाच टोकासमोर, माह्या काठानं हिंडले." आणि कालवडीला असा हिसका दिला की जणू ते तिनंच बोललं होतं.

तुळजाबाई गेल्यावर पुंजाराम पुढं आला. "मंग वहिनी, मी तीन महिने रानात काय हुडकत होतो?"

"तुम्ही बी फिरतच होते, भाऊ."

"अन् हा टॉवेल?"

"राहू द्या," रामराव म्हणाले. चांद असलेली लाल कालवड हिवरखेडीच्या रस्त्यानं लहान-लहान होत चालली होती आणि त्यांची नजर तिच्यावरून हटत नव्हती.

संध्याकाळपर्यंत गावानं आपल्या परीनं निकाल लावला. कौसल्याबाईंनी नवस केलेला आहे. जिभेच्या फेऱ्यांचा. बिनकामाचं चालणं गावाला पचत नव्हतं, नवसाचं पचलं. पुष्पाबाई मुद्दाम येऊन म्हणाल्या, "आधी सांगायचं की, मी दंड धरला नसता."

"नवस न्हाई हो, पुष्पाबाई. खरंच न्हाई."

"राहू द्या, राहू द्या. सांगू नाही म्हणतात."

रामरावांचं वेगळंच. "आता झालं ना सगळं? आता अंगणातल्या अंगणात फीर. लोक हासतील."

"हासू द्या," कौसल्याबाई म्हणाल्या. "तुम्ही फाट्यावर काही सांगू नका म्हंजे झालं."

सकाळी त्या निघाल्या. दोन्ही हात रिकामे. मारुतीपुढून जाताना ओट्यावरच्या चार माणसांचं बोलणं थांबलं आणि त्या पुढं गेल्यावर परत सुरू झालं. पाटीपाशी पुंजारामनं काही विचारलं नाही. नुसती शेळ्यांना वाट सोडायला लावली. मच्छिंद्रला बातमी लागलेली नव्हती, तो पाण्यावरून ओरडला, "काकू, हाक मारा की!" कौसल्याबाईंनी हात हलवून नको म्हटलं, चार पावलं गेल्या, आणि उगाच, कुणाचंही नाव न घेता, एक लांब आरोळी ठोकली. बगळे उठले.

टोकावर वारं होतं. तिथं पाणी अरुंद आहे; पलीकडचा काठ इतका जवळ की माणूस ओळखू येतं. त्या काठानं एक उंच, काटकुळी बाई झपाझप चालली होती. पदर खोचलेला, हातात काठी नाही, दोरी नाही, काही नाही.

कौसल्याबाईंनी तोंडापुढं हात धरले. "ओ तुळजाबाई! पुन्हा सुटली काऽऽ?"

पाण्यावरून उत्तर आलं.

"न्हाईऽऽ! बांधलेली हाय!"

एवढं सांगायलासुद्धा ती बाई थांबली नाही.